अंगण वाकडंच असेल तर?

2023 च्या मार्चमध्ये कॅरोलिना पँथर्स या अमेरिकी फुटबॉल संघाने एक सौदा केला. त्या वर्षीच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे कॉलेजमधून बाहेर पडणाऱ्या खेळाडूंच्या वाटपात, पहिली निवड शिकागो बेअर्सच्या हाती होती. पँथर्सना क्वार्टरबॅक हवा होता, म्हणून ती निवड हवी होती. तिच्या बदल्यात त्यांनी त्या वर्षीच्या पहिल्या आणि दुसऱ्या फेरीतली एकेक निवड दिली, 2024 च्या पहिल्या फेरीतली दिली, 2025 च्या दुसऱ्या फेरीतली दिली आणि वर डी. जे. मूर दिला. मूर हा त्यांचा सगळ्यात भरवशाचा रिसीव्हर. चेंडू फेकणारा आणण्यासाठी त्यांनी चेंडू झेलणाराच देऊन टाकला.

त्या निवडीवर एप्रिलमध्ये ब्राइस यंग आला. अलाबामा विद्यापीठाचा, 2021 च्या हाइज्मन पारितोषिकाचा मानकरी, वय 21, उंची जेमतेम 178 सेंटिमीटर, म्हणजे या जागेवर खेळणाऱ्यासाठी कमीच. त्याच्या पहिल्या हंगामात पँथर्सनी 17 पैकी 2 सामने जिंकले. यंग 62 वेळा ‘सॅक’ झाला, म्हणजे चेंडू हातातून सुटण्याआधीच समोरच्यांनी त्याला पाडलं. टचडाउन 11, इंटरसेप्शन, म्हणजे समोरच्यांनी झेललेल्या फेकी, 10. तिकडे शिकागोत मूरने 1364 यार्डांची, कारकिर्दीतली सर्वोत्तम कमाई केली. पँथर्स तळाला गेले, त्यामुळे त्यांनी देऊन टाकलेली 2024 ची निवड नेमकी पहिल्या क्रमांकाची ठरली आणि तीही शिकागोच्या पदरात पडली. भरीस भर म्हणजे यंगच्या पाठोपाठ दुसऱ्या क्रमांकावर ह्यूस्टनने घेतलेला सी. जे. स्ट्राउड पहिल्याच वर्षी 23 टचडाउन आणि अवघी 5 इंटरसेप्शनं करून संघाला प्लेऑफमध्ये घेऊन गेला.

एवढी सामग्री हाताशी आल्यावर चाहत्यांत दोन तट पडले नसते तरच नवल. एक तट म्हणत होता, पोराला काय बोलता? त्याला राखणारी पुढची लाइन चाळणी झाली आहे, तिच्यातले दोन्ही मुख्य गार्ड दुखापतीने बाहेर आहेत, आठवड्यागणिक त्यांच्या जागी नवा माणूस उभा राहतो, आणि झेलायला कोण, तर तेहतिशीतला अ‍ॅडम थीलन. अशा संघात देवही उतरला तरी आडवाच होईल. दुसरा तट म्हणत होता, नाचता येईना अंगण वाकडं. चेंडू हातात धरून किती वेळ उभा राहतो ते बघा, मोकळा माणूस दिसत असून फेकत नाही ते बघा, आणि मग स्ट्राउडकडे बघा. पहिल्या तटाला दुसरा निर्दयी वाटत होता, दुसऱ्याला पहिला भाबडा.

हा वाद पँथर्सपुरता नाही. जवळजवळ दरवर्षी अमेरिकेतल्या कुठल्या ना कुठल्या शहरात तो नव्याने पेटतो. फक्त जर्सीचा रंग आणि मुलाचं नाव बदलतं. मला त्यात लक्ष देण्यासारखी वाटते ती दोन्ही तटांची एकवाक्यता. अपयशाची वाटणी करता येते, इतके टक्के पोराचे आणि इतके संघाचे, हे दोघांनाही मान्य आहे. भांडण फक्त टक्क्यांचं आहे. माझ्या मते या खेळात, निदान क्वार्टरबॅकच्या कोवळ्या वर्षांत, ही वाटणी होऊच शकत नाही. मात्र ती होत नाही म्हणून सगळेच निर्दोष ठरतात असंही नाही. वाटणी सोडून दिली की विचारण्याजोगा वेगळाच प्रश्न हाती येतो.

आपल्याला वाटणीची सवय क्रिकेटने लावली आहे. समोरून विकेटी पडत असताना एक टोक लावून धरणारा फलंदाज आपण पाहतो. संघ हरतो, पण त्याच्या नावापुढच्या धावा त्याच्याच असतात. त्याला आलेला चेंडू त्यालाच खेळायचा असतो. अमेरिकी फुटबॉलमध्ये असा एकट्याचा चेंडू नसतो. सेंटर पायांमधून चेंडू मागे देतो तिथपासून क्वार्टरबॅकच्या हाती साधारण अडीच-तीन सेकंद असतात. त्याच्यापुढे पाच धिप्पाड माणसांची लाइन असते. समोरून येणारा लोंढा अडवून त्याच्याभोवती मोकळी जागा राखायची, हे तिचं काम. त्या जागेला ‘पॉकेट’ म्हणतात. तेवढ्यात रिसीव्हर आधी ठरलेल्या वाटांनी धावत असतात. टीव्हीवर पाहताना चटकन ध्यानात येत नाही अशी गोष्ट म्हणजे चांगली फेक रिसीव्हर वळण्याआधीच सुटलेली असते. त्या क्षणी जिथे कोणीच नाही अशा जागेवर क्वार्टरबॅक चेंडू टाकतो. बारा पावलांवर आपला माणूस वळेल आणि तोवर लाइनमधला आपला डावा टॅकल तग धरेल, या दोन विश्वासांवर.

आता यातला एक विश्वास डळमळला असं धरू. गेल्या तीन खेळींत टॅकल उलथला आहे, किंवा रिसीव्हर बाराऐवजी दहाव्याच पावलाला वळला आहे. पोरगा अर्धा सेकंद थांबतो, खात्री करून घेतो आणि त्या अर्ध्या सेकंदात आडवा होतो. ध्वनिचित्रफीत थांबवून पाहणारा म्हणेल, चेंडू धरून ठेवला, चूक त्याची. खरंच आहे. पण तो अर्धा सेकंद आला कुठून? आणि हाच अर्धा सेकंद पुढच्या रविवारी लाइन भक्कम असतानाही त्याच्या अंगात राहिला, तर तो कोणाच्या खाती मांडायचा? सॅकचं प्रमाण बऱ्याच अंशी क्वार्टरबॅकच्या पाठोपाठ एका संघातून दुसऱ्या संघात जातं, असं या खेळातल्या आकड्यांचे अभ्यासक सांगतात. दुसरा तट हे मोठ्या उत्साहाने पुढे करतो. पण सवय माणसाबरोबर जाते एवढंच त्यातून सिद्ध होतं. ती कुठे लागली, हे सिद्ध होत नाही.

डेव्हिड कारचं उदाहरण इथे टाळता येत नाही. 2002 मध्ये ह्यूस्टन टेक्सन्स हा संघ नव्याने उभा राहिला आणि पहिल्या निवडीवर त्यांनी कारला घेतलं. डाव्या टॅकलच्या जागेसाठी त्यांनी टोनी बोसेली हा नावाजलेला खेळाडू आणला होता. खांद्याच्या दुखापतीमुळे तो टेक्सन्ससाठी एकही सामना खेळू शकला नाही. कार त्या एका हंगामात 76 वेळा सॅक झाला. हा लीगमधला विक्रम आहे. 2005 मध्ये तो आणखी 68 वेळा सॅक झाला. 2007 मध्ये क्लबने त्याला सोडलं आणि पुढची वर्षं त्याने इतरांचा राखीव म्हणून काढली. बऱ्या संघात पडता तर त्याचं काय झालं असतं? याचं उत्तर कोणाकडेच नाही, कधी मिळणारही नाही. ती पाच वर्षं त्याला वगळून मोजता येत नाहीत, आणि त्या पाच वर्षांना वगळून त्याला मोजता येत नाही.

उलट बाजूचे पुरावेही तितकेच निसरडे आहेत. 2024 च्या हंगामात पँथर्सकडे नवे प्रशिक्षक डेव्ह कनालेस आले. क्लबने रॉबर्ट हंट आणि डेमियन लुइस या दोन गार्डांवर मिळून दीडशे दशलक्ष डॉलरहून अधिक रकमेचे करार केले. तरी पहिला सामना 47-10 असा गेला आणि दुसरा 26-3. यंगला बाकावर बसवलं आणि अनुभवी अँडी डॉल्टनला उतरवलं. डॉल्टनने लास व्हेगासमध्ये 319 यार्ड फेकून तीन टचडाउन केले आणि सामना जिंकून दिला. तीच लाइन, तेच रिसीव्हर, तोच प्रशिक्षक. बदलला फक्त क्वार्टरबॅक. दुसऱ्या तटाला याहून स्वच्छ पुरावा काय हवा होता? पण पुढचे चारही सामने डॉल्टन हरला. मग ऑक्टोबरमध्ये मोटार अपघातात त्याचा अंगठा दुखावला, यंग परत आला आणि या खेपेला टिकला. एका सामन्यावरून काढलेला निष्कर्ष चार सामन्यांत विरला. चार सामन्यांवरचा किती टिकला असता कोण जाणे.

त्याच वर्षी 8 डिसेंबरला फिलाडेल्फियात जे घडलं ते मला या वादाचं सगळ्यात नेमकं चित्र वाटतं. यजमान ईगल्स 22-16 ने पुढे होते, शेवटचं मिनिट चालू होतं. यंगने डाव्या बाजूने लांब फेक केली. चेंडू बचाव करणाऱ्याच्या डोक्यावरून गोलरेषेजवळ उतरला आणि झेविअर लेगेट या नवख्या रिसीव्हरच्या हातांत आला. लेगेट झेपावला, पडला, आणि अंग जमिनीवर आदळताना चेंडू निसटला. झेल टिकता तर त्या हंगामाचा सुपर बोल पुढे जिंकणाऱ्या संघाला तळाच्या संघाने त्याच्याच मैदानावर हरवण्याची संधी होती. आकड्यांच्या तक्त्यात मात्र त्या क्षणाची नोंद एकच: यंग, एक पास, अपूर्ण. त्याच दुपारी दुसरीकडे कुठेतरी एखाद्या क्वार्टरबॅकने वाकडातिकडा फेकलेला चेंडू एखाद्याने एका हातात अलगद टिपला असेल. त्याची नोंद ‘पूर्ण’ झाली. चाहते एकमेकांच्या तोंडावर फेकतात ते टक्के अशाच नोंदींच्या बेरजेतून येतात.

आता दुसऱ्या तटाचं सगळ्यात वजनदार म्हणणं. परिस्थितीची सबब सगळ्यांनाच देत बसलात, तर कोणीच कधी नापास होणार नाही. हे खरं आहे आणि त्याला झॅक विल्सनसारखी उदाहरणं आहेत. 2021 मध्ये न्यूयॉर्क जेट्सने त्याला दुसऱ्या क्रमांकावर घेतलं. 2022 मध्ये जेट्सचा बचाव उत्तम होता, गॅरेट विल्सनसारखा रिसीव्हर हाताशी होता. त्या नोव्हेंबरात न्यू इंग्लंडविरुद्ध जेट्स 10-3 असे हरले. झॅकने 22 पैकी 9 पास पूर्ण करून 77 यार्ड मिळवले. आक्रमणाने बचावाचा घात केला का, असं सामन्यानंतर विचारल्यावर तो ‘नाही’ म्हणाला. ते एक ‘नाही’ त्याला फार महागात गेलं. पुढच्या आठवड्यात तो बाकावर होता आणि त्याच्या जागी उतरलेल्या माइक व्हाइटने 300 हून अधिक यार्ड फेकून सामना जिंकला. इथे अंगण ठीक होतं. शिवाय संघाची साथ क्वार्टरबॅकला वाढून मिळत नसते, काही प्रमाणात ती त्यानेच मिळवायची असते, हेही या प्रसंगातून दिसतं. दर रविवारी अंग ठेचून घेणाऱ्या लाइनमनला पुढारी कोण आणि पाहुणा कोण, हे बरोबर कळतं.

म्हणजे परिस्थिती सगळ्यांना वाचवत नाही. पण ती कोणाला घडवते आणि कोणाला मोडते, याचा काही अंदाज जुन्या नोंदींतून येतो का? येतो. 1998 मध्ये पेटन मॅनिंगने नवख्या खेळाडूचा विक्रम होईल इतकी, म्हणजे 28 इंटरसेप्शनं दिली. त्याचा इंडियानापोलिस कोल्ट्स संघ 3-13, म्हणजे 3 विजय आणि 13 पराभव, असा संपला. पुढच्याच वर्षी तो 13-3 झाला. मॅनिंग असामान्य होता यात वाद नाही. पण आक्रमणाची आखणी करणारा टॉम मूर हा प्रशिक्षक पहिल्या दिवसापासून पुढे दहा वर्षांहून अधिक काळ त्याच्यासोबत होता, हे आपण विसरतो. 2005 चा अ‍ॅलेक्स स्मिथ याच्या अगदी उलट. सॅन फ्रान्सिस्कोने त्याला पहिल्या क्रमांकावर घेतलं. पहिल्या वर्षी 1 टचडाउन आणि 11 इंटरसेप्शनं. नंतर जवळजवळ दर वर्षी त्याच्यापुढे आक्रमणाचा नवा प्रशिक्षक, नवी पोथी, नवे संकेत. सहा वर्षं तो ‘बस्ट’, म्हणजे फुकट गेलेली निवड, म्हणून हिणवला गेला. 2011 मध्ये जिम हारबॉ आले आणि तोच स्मिथ 13-3 असा हंगाम खेळला. त्याच 2005 च्या ड्राफ्टमध्ये चोविसाव्या क्रमांकापर्यंत घसरलेला आरन रॉजर्स ग्रीन बेला गेला, ब्रेट फार्व्हच्या मागे तीन वर्षं बसला, शिकला आणि मग उतरला. आधी निवडला गेलेला खाईत पडला, नंतर निवडला गेलेला सावलीत.

हा योगायोग नाही, ड्राफ्टची रचनाच तशी आहे. सर्वांत वाईट संघाला पहिली निवड मिळते. दुबळ्याला बळ मिळावं, स्पर्धा समतोल राहावी, हा त्यामागचा हेतू. हेतू न्याय्य आहे. पण त्याचा परिणाम म्हणजे सर्वांत आश्वासक तरुण क्वार्टरबॅक सर्वांत मोडक्या घरात जातो, आणि ते घर मोडकं असण्याची कारणं तो यायच्या आधीपासून तिथे असतात. पँथर्सनी तर ही रचनाही उलटी करून दाखवली. ते त्या वर्षी नवव्या क्रमांकावर होते. आपल्याकडचं होतं नव्हतं ते देऊन वर गेले आणि स्वतःच तळाचा संघ होऊन बसले. शिकागोनेही त्यातून लगेच धडा घेतला असं नाही. पँथर्सकडून आलेल्या निवडीवर त्यांनी 2024 मध्ये केलेब विल्यम्सला घेतलं, आणि पहिल्याच वर्षी तो 68 वेळा सॅक झाला. मुख्य प्रशिक्षकाची हंगाम चालू असतानाच हकालपट्टी झाली. पुढच्या वर्षी नवे प्रशिक्षक बेन जॉन्सन आले, लाइनच्या मधल्या तिन्ही जागांवर नवी माणसं आली, विल्यम्सच्या सॅकची संख्या निम्म्याहूनही खाली उतरली आणि बेअर्स आपल्या गटात पहिले आले.

घाईला पैशाचंही कारण आहे. 2011 च्या करारानंतर नवख्या खेळाडूचा पगार निवडीच्या क्रमांकानुसार ठरतो. यंगचा चार वर्षांचा करार एकूण 38 दशलक्ष डॉलरच्या घरातला. नावाजलेले क्वार्टरबॅक याहून अधिक रक्कम एका वर्षात घेतात. संघाच्या एकूण पगारावर कमाल मर्यादा असल्यामुळे क्वार्टरबॅक स्वस्त असलेली ही चार वर्षं म्हणजे बाकीचा संघ उभारण्याची संधी. पाचवं वर्ष वाढवायचं की नाही, हे मात्र तिसरा हंगाम संपल्यावर मे महिन्याच्या सुरुवातीलाच ठरवावं लागतं. म्हणजे क्लबला तीन हंगामांत ‘हा आपला की नाही’ याचं उत्तर हवं असतं आणि त्याच तीन हंगामांत संघही उभारायचा असतो. उत्तराची घाई झालेला क्लब पोराला पहिल्याच दिवशी मैदानात ढकलतो, आणि संघ उभा होईतो त्याचा निकाल लागलेला असतो.

मग सगळा राग मुलावरच का निघतो? तो अज्ञानातून निघतो असं मला वाटत नाही. लाइनचा खेळ बारकाईने पाहणारे चाहते भरपूर आहेत. पण चाहत्याच्या रागाला कुठेतरी उपाय लागतो. डेव्हिड टेपर यांनी पँथर्स हा संघ 2018 मध्ये सुमारे 2.3 अब्ज डॉलरना विकत घेतला. त्यानंतर रॉन रिव्हेरा, मॅट रूल आणि फ्रँक राइश हे तीन मुख्य प्रशिक्षक हंगाम चालू असतानाच काढले गेले. राइश यांना तर यंगला घेऊन आल्यावर 11 सामने मिळाले. तेवढ्या अवधीतही मैदानावर कोणती खेळी खेळायची हे सांगण्याचं काम राइश यांच्याकडून टॉमस ब्राउन यांच्याकडे गेलं, परत राइश यांच्याकडे आलं, आणि ते गेल्यावर पुन्हा ब्राउन यांच्याकडे. राइश यांच्याबरोबर क्वार्टरबॅकच्या प्रशिक्षकालाही घरी पाठवलं. त्या 31 डिसेंबरला जॅक्सनव्हिलमध्ये संघ 26-0 ने मागे पडत असताना टेपर यांनी आपल्या कक्षातून एका चाहत्याच्या अंगावर पेय फेकलं आणि लीगने त्यांना तीन लाख डॉलर दंड केला. दंड झाला, मालक मालकच राहिले. चाहत्याला मालक बदलता येत नाही. लाइनमधल्या पाच जणांची नावं टीव्ही क्वचितच घेतो. प्रशिक्षक तर मालकच बदलत असतो. ज्याचा चेहरा सगळ्यांना माहीत आहे आणि ज्याच्या जागी पुढच्या रविवारी दुसरा उभा करता येतो, असा एकच माणूस उरतो. खापर फोडायला डोकं हाताशी लागतं. सगळ्यात हाताशी असलेलं डोकं क्वार्टरबॅकचं.

धीर कोणाला मिळतो, यालाही इतिहास आहे. वॉरन मून 1978 मध्ये कॉलेजमधून बाहेर पडला तेव्हा ड्राफ्टमध्ये त्याला कोणीच घेतलं नाही. काळा मुलगा क्वार्टरबॅक होऊ शकतो, हेच अनेकांच्या गळी उतरत नव्हतं. तो कॅनडात गेला, एडमंटनकडून सलग पाच ग्रे कप जिंकला आणि 1984 मध्ये परत आल्यावरच त्याला अमेरिकेत जागा मिळाली. दोन काळे क्वार्टरबॅक सुपर बोलमध्ये समोरासमोर उभे राहायला 2023 उजाडावं लागलं. यंगही काळा आहे. त्याच्यावर टीका करणाऱ्या प्रत्येकाला या इतिहासाचा शिक्का मारणं अन्यायाचं होईल. त्याच्या पाठीराख्यांतही आणि टीकाकारांतही सगळ्या रंगांची माणसं आहेत. पण ‘आम्ही फक्त खेळ बघतो’ म्हणताना कोणाला किती वर्षं द्यायची याची आपली मोजपट्टी कुठून आली, हे तपासून पाहायला हरकत नसावी.

यश मिळालं की वाद मिटतो, असंही समजू नये. सॅम डार्नोल्डची गोष्ट पाहा. 2018 मध्ये जेट्सने त्याला तिसऱ्या क्रमांकावर घेतलं; व्यावसायिक कारकिर्दीतली त्याची पहिलीच फेक समोरच्याने पकडून थेट टचडाउनसाठी पळवली. पुढच्या वर्षी न्यू इंग्लंडविरुद्ध 33-0 ने हरताना आपल्याला भुतं दिसताहेत, असं तो बाकावर म्हणाला आणि अंगावरच्या मायक्रोफोनमुळे ते देशभर गेलं. जेट्सने सोडलं, पँथर्सनी घेऊन सोडलं, मग सॅन फ्रान्सिस्कोत राखीव. 2024 मध्ये मिनेसोटात प्रशिक्षक केव्हिन ओकॉनेल आणि जस्टिन जेफरसनसारखे रिसीव्हर मिळाले आणि हाच डार्नोल्ड 35 टचडाउन फेकून 14-3 असा हंगाम खेळला. 2026 च्या फेब्रुवारीत सिअ‍ॅटल सीहॉक्सने सुपर बोल जिंकला तेव्हा क्वार्टरबॅक तोच होता. पहिल्या तटाने लगेच घोषणा केली: बघा, दोष जेट्सचा होता! पण त्या अंतिम सामन्याचा मानकरी ठरला धावणारा केनेथ वॉकर, पाच फील्ड गोल मारले जेसन मायर्सने आणि न्यू इंग्लंडला जखडून ठेवलं सिअ‍ॅटलच्या बचावाने. जेट्समधलं अपयश ज्यांना एकट्या डार्नोल्डचं वाटत नव्हतं, त्यांनी सिअ‍ॅटलमधलं यश मात्र एकट्या त्याच्या नावावर मांडलं. वाटणी फसते ती दोन्हीकडे.

म्हणून वाटणीचा नाद सोडून वेगळे प्रश्न विचारावेत. पहिला, जे पूर्णपणे त्याच्याच हातात आहे त्यात तो सुधारतो आहे का? स्नॅपआधी, म्हणजे सेंटरने चेंडू मागे देण्याआधी, समोरची रचना ओळखणं, कोणाला अडवायचं ते लाइनला सांगणं, गोंधळ झाला तर चेंडू बाहेर फेकून देऊन सॅक टाळणं, चूक झाल्यावर सहकाऱ्यांसमोर ती पदरात घेणं. यातलं बरंच काही लाइन दुबळी असतानाही दिसतं. दुसरा प्रश्न क्लबला विचारायचा: त्याला सलग दोन वर्षं एकच प्रशिक्षक आणि एकच पोथी मिळाली का? लाइन त्याच्याआधी उभी केली की त्याच्यानंतर? त्याला आणण्यासाठी जे दिलं त्यात त्याच्याच गरजेचं काही दिलं का? या प्रश्नांना टक्के लागत नाहीत. त्यांची उत्तरं करारांच्या तारखांत आणि हकालपट्ट्यांच्या नोंदींत उघड्यावर पडलेली असतात.

क्लबला क्वार्टरबॅक काढून टाकण्याची सत्ता नेहमीच असते. ‘याला जमत नाही’ असा निकाल देण्याचा अधिकार मात्र कमवावा लागतो, आणि तो या दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तराने कमावला जातो. जेट्सने झॅक विल्सनच्या बाबतीत निदान 2022 पुरता तो कमावला होता. ह्यूस्टनने कारच्या बाबतीत कधीच कमावला नाही. चाहत्यालाही हेच लागू आहे. तिकिटाचे पैसे त्याने मोजलेत, त्याने हुर्यो जरूर करावी. पण ती करताना कोणत्या खिडकीकडे तोंड आहे ते बघावं.

यंगचं म्हणाल तर 2025 च्या नोव्हेंबरात न्यू ऑर्लिन्सविरुद्ध घरच्या मैदानावर त्याच्या संघाला फक्त सात गुण करता आले. बरोबर एका आठवड्याने अटलांटात त्याने 448 यार्ड फेकले आणि कॅम न्यूटनचा 432 यार्डांचा क्लबचा विक्रम मोडला. तेव्हा कनालेस यांचं दुसरं वर्ष चालू होतं, हंट आणि लुइस यांना आणलेल्याला दीड वर्ष झालं होतं, आणि झेलायला टेटाइरोआ मॅकमिलन हा पहिल्या फेरीतला नवा रिसीव्हर होता. हंगामाअखेर पँथर्स 8-9 अशा साध्याच कामगिरीवर गटात पहिले आले आणि प्लेऑफमध्ये रॅम्सकडून 34-31 असे हरले. पहिला तट म्हणाला, बघा. दुसराही म्हणाला, बघा. तीन हंगामांनंतर यंग कसा खेळाडू आहे, याचं उत्तर अजून अर्धंच हाती आलं आहे. तो आला तेव्हा पँथर्स हा क्लब कसा होता, याचं उत्तर मात्र पहिल्या हंगामाअखेरच पूर्ण मिळालं होतं. वाद घालायचाच तर सुरुवात तिथून करावी.